कुंडीतलं लिंबू सुकत होतं, तेव्हा: एका झाडाचं निदान आणि पाच महिन्यांची उभारी

शेजारच्या काकूंचं कागदी लिंबू चार वर्षांचं. कलम लावलेलं, चौदा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत, दिवसाचे सहा तास ऊन मिळणाऱ्या जागी. तीन वर्षं ते छान वाढलं. चौथ्या वर्षी पानं पिवळी पडू लागली, कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या आणि दुपारी अख्खं झाड मान टाकू लागलं. मला बोलावलं तेव्हा झाडाचा निम्मा पाला झडून गेला होता.

आजारी झाड बघताना मी झाडाआधी माणसाला विचारते: आतापर्यंत काय काय दिलंत? काकूंनी यादी सांगितली. पानं पिवळी दिसली म्हणून १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) समान असलेलं विद्राव्य खत, आठवड्याला एक चमचा. त्याने फरक पडेना म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. मग वरून दोन मुठी गांडूळखत. कीड असेल म्हणून दोनदा कडुनिंबाच्या तेलाची फवारणी. आणि दुपारी झाड कोमेजलेलं दिसलं की पाणी, म्हणजे रोजच.

"अगं, मी काहीच कमी केलं नाही त्याला," काकू म्हणाल्या. ते खरंच होतं. अडीच महिन्यांत त्या झाडाला पाच प्रकारचे उपचार मिळाले होते, आणि मुळं कशी आहेत ते एकदाही कुणी पाहिलं नव्हतं. दोष काकूंचा नाही. पानं डोळ्यांसमोर असतात, मुळं मातीआड असतात. जे दिसतं त्यावरच आपण इलाज करत राहतो.

सुरुवात पानांपासूनच केली. मात्र 'पानं पिवळी' एवढ्या वर्णनावरून काहीच ठरत नाही. कुठली पानं, आणि पानाचा कुठला भाग, हे बघावं लागतं. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरू शकतात. कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. नत्र कमी असेल तर अख्खं पान एकसारखं फिकं पडतं. मॅग्नेशियम कमी असेल तर कडा पिवळ्या होतात आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. लोहाचं उलटं आहे. ते एकदा पानात गेलं की सहसा तिथेच राहतं, त्यामुळे तुटवडा शेंड्याच्या कोवळ्या पानांत आधी दिसतो: पान पिवळं, शिरा हिरव्या, जणू पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याने जाळी विणली आहे. जस्ताच्या तुटवड्यातही शिरांमधला भाग पिवळा होतो, पण त्यात नवी पानं बारीक आणि अरुंद येतात, दोन पानांमधलं अंतरही कमी होतं.

या झाडावर तीन वेगवेगळी चिन्हं होती. शेंड्याकडच्या पानांवर हिरवी जाळी, पानांचा आकार मात्र नेहमीचा. म्हणजे लोह. खालच्या जुन्या पानांची टोकं तपकिरी होऊन करपलेली, आणि बऱ्याच पानांची मधली शीरच पिवळी. टोकं करपणं म्हणजे बहुधा क्षार साचलेत. मधली शीर पिवळी पडणं हे लिंबूवर्गीय झाडांत मुळं किंवा खोड दुखावल्याचं लक्षण असतं. एकाच झाडावर तीन तक्रारी दिसल्या की मी तीन औषधं शोधत नाही. तिन्हींना एकच मूळ कारण आहे का, ते आधी बघते.

कीड आणि रोग वगळायला पाऊण तास गेला. भिंगाने पानांची मागची बाजू पाहिली: लाल कोळी नाही, खवले कीड नाही. दोन-तीन पानांवर नागअळीच्या जुन्या वेड्यावाकड्या रेघा होत्या. त्यांनी झाड मरत नाही. सिट्रस सायला शेंड्यांवर कुठेही दिसला नाही. त्याच्यासाठी मी मुद्दाम वेळ दिला, कारण हाच किडा ग्रीनिंग नावाचा जिवाणूजन्य रोग पसरवतो आणि त्या रोगावर इलाज नाही. ग्रीनिंगमध्ये पानावरचे पिवळे डाग मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पडतात. डावा भाग उजव्याशी जुळत नाही. अन्नद्रव्याच्या कमतरतेत दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या जुळतात. इथे जुळत होत्या. मला हायसं वाटलं, आणि काकूंना ते तेव्हाच सांगितलं.

मग बुंधा. कलमाचा सांधा मातीच्या दोन बोटं वर असायला हवा होता. गांडूळखताचे थर चढत चढत तो जवळजवळ पुरला गेला होता. माती बाजूला सारली तेव्हा साल ओलसर आणि गडद दिसली. नखाने हलकंच खरवडलं, आत हिरवी. डिंक कुठे पाझरत नव्हता. डिंक्या, म्हणजे साल कुजून डिंक पाझरणारा रोग, लागला नव्हता, पण अशा ओल्या सालीवर तो लागायला वेळ लागत नाही.

आणि कुंडी? उचलायला गेले तर हलेना. दुपारी दोनची वेळ, पानं लोंबलेली, आणि कुंडी पाण्याने जड! पाण्याअभावी कोमेजलेल्या झाडाची कुंडी हलकी लागते. ओल्या मातीत उभं असलेलं झाड कोमेजत असेल, तर पाणी आहे पण ते उचलायला मुळं नाहीत, असाच अर्थ बहुधा निघतो. काकू रोज दुपारी त्या लोंबलेल्या पानांना तहान समजून पाणी घालत होत्या. झाड आत बुडत होतं.

शेतकऱ्यांच्या तोंडी एक शब्द आहे, वाफसा. माती ओली आहे पण चिखल नाही, मुळांना पाणीही मिळतंय आणि हवाही, अशी स्थिती. माझ्या मते कुंडीतल्या झाडाचं सगळं शास्त्र या एका शब्दात बसतं. मुळं श्वास घेतात. त्यांना लागणारा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचं पसरणं हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंदावतं. जमिनीत जास्तीचं पाणी खोल उतरून जातं. कुंडीत ते तळाशी अडतं.

क्षारांचा अंदाज घ्यायला दुसऱ्या दिवशी एक साधी चाचणी केली. कुंडीला पाणी दिलं, तासभर थांबले, मग वरून आणखी थोडं शुद्ध पाणी ओतून तळातून निथळलेलं पहिलं अर्धी वाटी पाणी गोळा केलं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायच्या खिशातल्या टीडीएस मीटरने नळाचं पाणी दाखवलं ५२०. कुंडीतून निथळलेलं २,६००. पाचपट. मुळांभोवती इतके क्षार असले की पाणी आत ओढणं मुळांना जड जातं, आणि लिंबूवर्गीय झाडं क्षारांना विशेष नाजूक. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर तेच सांगत होता. काकू दर वेळी तो पुसून टाकायच्या.

इथे मला एक निर्णय घ्यावा लागला, आणि त्यावर मी एक रात्र विचार केला. क्षार साचले की नेहमीचा उपाय म्हणजे कुंडीच्या तीन-चारपट पाणी ओतून माती धुऊन काढणं. मुळं धड असतील तर तोच करावा. कुंडी बदलण्यापेक्षा झाडाला त्याचा त्रास कमी होतो. पण ज्या कुंडीतून पाणी निथळायला वीस मिनिटं लागतात, तिच्यात साठ लिटर पाणी ओतणं म्हणजे उरलीसुरली मुळंही बुडवणं. म्हणून झाड बाहेर काढायचं ठरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, कुंडी आडवी करून झाड सोडवलं. आधी वास आला, कुजक्या अंड्याचा. प्राणवायू संपलेल्या मातीत वाढणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा हा वास. मातीच्या गड्ड्याचा खालचा तिसरा भाग काळपट चिखल झाला होता. त्याच्याखाली कापडाचा तुकडा, आणि त्याखाली चार बोटं जाडीचा खड्यांचा थर.

या खड्यांवर थोडं थांबते, कारण जवळपास प्रत्येक घरातल्या कुंडीत ते सापडतात. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून घालतात, आणि होतं उलट. बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहज उतरत नाही. वरची माती तुडुंब भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. स्वयंपाकघरातला स्पंज भिजवून आडवा धरा. टपकणं थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, पाणी तेवढंच, फक्त उंची वाढली. कुंडीच्या तळाशीही असाच एक भिजलेला थर राहतो, आणि तो किती जाड असेल हे मातीच्या पोतावर ठरतं. खडे घातले की तो थर नाहीसा होत नाही, वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. शिवाय या कुंडीतली माती बागेतली भारी काळी माती होती. चार वर्षांत ती बसून घट्ट झाली होती, आणि कापडाची छिद्रं गाळाने बुजली होती.

मुळं हाताने तपासली. चांगलं मूळ फिकट बदामी, टणक असतं. ओढलं तर ताण धरतं. कुजलेलं चिमटीत धरून ओढलं की बाहेरची साल मोज्यासारखी निसटते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. खालची बहुतेक मुळं अशीच निसटत होती. वरच्या भागात कडेकडेने चांगली मुळं होती, पण पांढरी मुळी, म्हणजे अन्नपाणी घेणारी ताजी टोकं, मला मोजून सात-आठ ठिकाणी दिसली. अख्ख्या झाडाला सात-आठ ठिकाणी!

तेव्हा माझ्या मनात जे चित्र तयार झालं ते असं: अडलेला निचरा, रोजचं पाणी, त्यामुळे मूळकूज. मुळं निकामी झाल्यावर दिलेलं खत उचललं गेलं नाही, ते क्षार होऊन साचलं आणि त्याने आणखी मुळं जाळली. शेंड्यांतला लोहाचा तुटवडाही यातच बसत होता. लोह विरघळवून आत घ्यायचं काम कोवळी मुळं करतात. त्यांची टोकं आम्ल सोडतात आणि लोहाचं रूप बदलून ते आत घेतात. मुळीच नाही तर लोह कुठून येणार? हे चित्र बरोबर होतं, पण अपुरं होतं. ते मला सहा आठवड्यांनी कळलं.

त्या दिवशी केलं ते थोडक्यात. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापली, साधारण तिसरा हिस्सा गेला. चिकट चिखल पाण्यात हलवून सोडवला, पण चांगल्या मुळांना धरून असलेली माती खरवडून काढली नाही. कुंडी मोठी न घेता लहान घेतली, बारा इंची. मुळं कमी झालेल्या झाडाला मोठ्या कुंडीत घातलं की जिथे मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडाभर ओली राहते आणि तीच गोष्ट पुन्हा घडते. नवं मिश्रण: नारळाच्या सोडणाचे जाडे तुकडे दोन भाग, ते तीन पाण्यांत धुऊन, कारण त्यांत पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात. पेरलाइट, म्हणजे हलके सच्छिद्र पांढरे दाणे, एक भाग. चाळलेलं जुनं कंपोस्ट एक भाग. तळाला खडे नाहीत, फक्त छिद्रांवर जाळीचा तुकडा. कलमाचा सांधा मातीपासून तीन बोटं वर. कळ्या आणि दोन बारीक फळं काढून टाकली. काकूंना त्याचं वाईट वाटलं, मलाही.

फांद्या छाटायचं मात्र मी टाळलं. मुळं कमी झाली तर वरचा भागही तेवढाच कमी करावा असं सांगणारे पुष्कळ आहेत. लिंबू सदाहरित आहे. त्याच्या अन्नसाठ्याचा मोठा हिस्सा पानांतच असतो, आणि नवी मुळं त्या साठ्यावर फुटतात. म्हणून फक्त सल, म्हणजे शेंड्याकडून वाळत आलेल्या काड्या, हिरवा भाग लागेपर्यंत कापल्या. जी पानं झाडाला नको असतील ती ते स्वतः टाकेल.

आणि खत पूर्ण बंद. काकूंना हेच सर्वांत जड गेलं. "इतकं अशक्त आहे आणि उपाशी ठेवायचं?" त्यांना म्हटलं, काकू, पोट बिघडलेल्या माणसाला आपण पंगतीला बसवत नाही ना? आधी मुळी चालू होऊ द्या.

पाण्यासाठी वजनाची रीत बसवली. सामान तोलायचा हुकाचा वजनकाटा घेतला. कुंडीला दोरीचा कायमचा फास केला. पूर्ण भिजवून निथळल्यावर वजन भरलं १२.४ किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे किती पाणी उडालं हे थेट काट्यावर दिसतं. ९.५ किलोच्या खाली गेलं की पाणी, तेही तळातून वाहून जाईपर्यंत. त्याआधी थेंबही नाही, पानं कशीही दिसोत. पहिल्या वेळी तिथे पोचायला अकरा दिवस लागले. याआधी त्या अकरा दिवसांत झाडाला अकरा वेळा पाणी मिळालं असतं.

झाड दोन आठवडे उजेडात पण थेट उन्हापासून दूर ठेवलं. या काळात ४३ पानं गळली. काकू रोज सकाळी गोळा करून मोजायच्या आणि मला सांगायच्या. मी त्यांना सांगितलं होतं की गळती होणार, तरी आकडा ऐकून पोटात कालवायचंच. एक गोष्ट मी बारकाईने बघत होते. पान देठासकट गळतंय, की सुकून फांदीला लटकून राहतंय? झाड पान टाकतं तेव्हा ते जिवंत असतं. पानं फांदीवरच करपून चिकटली असती तर मी घाबरले असते. ती गळत होती.

चोविसाव्या दिवशी खोडाच्या वरच्या भागात, पानांच्या बगलेत, मोहरीएवढे हिरवे डोळे दिसले. वजनही आता सहा दिवसांत साडेनऊवर येत होतं. म्हणजे मुळं पाणी ओढू लागली होती. मला त्या कोंबांपेक्षा या आकड्याचा आनंद जास्त झाला. कोंब साठ्यावरही फुटतात. पाणी उचलायला मात्र मुळी लागते.

मग अडतिसाव्या दिवशी नवती, म्हणजे नवी पालवी, उघडली, आणि पानं पिवळी. शिरा हिरव्या.

काकूंचा चेहरा मला अजून आठवतो. मी स्वतःही गप्प झाले. मुळं सुधारत होती, पाण्याची ओढ वाढत होती, निथळलेल्या पाण्याचा टीडीएस ७०० पर्यंत उतरला होता. मग लोह का मिळत नाही? मुळीच नव्हती हे कारण आता पुरत नव्हतं. दुसरं काहीतरी पहिल्यापासून तिथे होतं, आणि मूळकूज इतकी ठळक होती की तिच्या आड ते मला दिसलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी पाण्याचे क्षार मोजले, पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, मोजला नाही. ही माझी चूक.

आता मोजला. नळाचं पाणी ७.९. कुंडीतून निथळलेलं ७.४. लिंबूवर्गीयांना साधारण ५.५ ते ६.५ मानवतं. सामूचं माप दहाच्या पटीत चालतं, म्हणजे ७.४ आणि ६.४ यांत आम्लतेचा फरक दहापट असतो. लोहाचं गणित याहून कठीण आहे. सामू एकाने वाढला की मातीतल्या फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. लोह कुंडीत असतं, पण दगड होऊन बसलेलं.

तरी नुसता सामू पुरेसं सांगत नाही. तो ढकलून खाली आणायला पाणी किती विरोध करतं, हे पाण्यातल्या बायकार्बोनेटवर ठरतं. मत्स्यालयाच्या पाण्यासाठी थेंब टाकून रंग बघायची जी केएच चाचणी मिळते, ती वापरली. आकडा आला १४. एक अंश म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता (आम्ल विझवायची ताकद), म्हणजे हे पाणी साधारण २५० मिलिग्रॅमचं. दर वेळी पाणी घालताना कुंडीत विरघळलेला चुनाच जात होता. मुळाचं टोक आम्ल सोडतं आणि बायकार्बोनेट ते तिथल्या तिथे विझवतं. चार वर्षांत हळूहळू मातीची सामू सांभाळायची ताकद संपत आली होती, आणि म्हणूनच पहिली तीन वर्षं झाडाला काही झालं नव्हतं. नव्या मिश्रणात ही ताकद आणखी कमी, म्हणून तिथे सहा आठवड्यांतच सामू चढला.

आधी लोहाचा तात्पुरता आधार द्यायचा म्हणून पंचेचाळिसाव्या दिवशी चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूने पकडून ठेवलेलं लोह, मातीत दिलं. पकडणारे रेणू वेगवेगळे असतात. घरात ईडीटीए प्रकारचं होतं, तेच वापरलं. दोन आठवडे वाट पाहिली. काही नाही. ईडीटीएची पकड सामू साडेसहाच्या पुढे गेला की सुटू लागते, कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह पुन्हा बसतं. डीटीपीएची सात-साडेसातपर्यंत टिकते. ईडीडीएचए नऊपर्यंत लोह धरून ठेवतं. हे मला माहीत होतं. तरी हाताशी होतं ते दिलं, आणि झाडाचे पंधरा दिवस गेले. डब्यावर नुसतं 'चिलेटेड लोह' वाचून कुणी थांबू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिते. त्याखालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा.

बासष्टाव्या दिवशी ईडीडीएचए, दोन लिटर पाण्यात दोन ग्रॅम. पाणी गडद लाल होतं, फरशीवर सांडलं तर डाग राहतो. संध्याकाळी दिलं, कारण उजेडात ते खराब होतं. दहाव्या दिवशी शेंड्याच्या पानांत शिरांच्या कडेने हिरवा रंग पसरू लागला. कागदावर शाई फुटते तसा.

पण ते औषध झालं, पाणी तेच राहिलं. म्हणून पाणी बदललं. साठवलेलं पावसाचं पाणी निम्मं आणि नळाचं निम्मं. क्षारता आपोआप अर्ध्यावर आली. पावसाचं पाणी नसेल तर आरओचं शुद्ध पाणीही चालतं. नुसतं शुद्ध पाणी मात्र देऊ नये, कारण नळाच्या पाण्यातून मिळणारं थोडं कॅल्शियम झाडाला हवंच असतं. ज्यांच्याकडे दुसरं पाणीच नाही त्यांनी आम्ल वापरावं. इतक्या जड पाण्याला दहा लिटरमागे सुमारे साडेतीन ग्रॅम सायट्रिक आम्ल लागतं. ते थोडं थोडं घालत सामू सहाच्या आसपास आला की थांबायचं. अंदाजाने टाकू नये, आणि दुसऱ्याच्या पाण्याचं माप आपल्या पाण्याला लावू नये. सायट्रिक आम्लाची एक मर्यादाही आहे: मातीतले जीवाणू ते खाऊन टाकतात आणि विझवलेली क्षारता काही अंशी परत येते. म्हणून माझा कल पाणी मिसळण्याकडे आहे.

खताची सुरुवात सत्तराव्या दिवशी, पहिली नवती जून झाल्यावर. डब्यावरच्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने, दर दुसऱ्या पाण्याला. खत निवडताना त्यातलं नत्र कुठल्या रूपात आहे ते पाहिलं. अमोनियम रूपातलं नत्र उचलताना मुळं भोवतालची माती आम्ल करतात, नायट्रेट उचलताना उलट होतं. क्षारता जास्त असलेल्या पाण्यावरच्या झाडाला थोडं अमोनियम उपयोगी पडतं. स्फुरद कमी असलेलं खत घेतलं. १९:१९:१९ मधलं इतकं स्फुरद लिंबाला कुंडीत लागत नाही, आणि जास्तीचं स्फुरद लोहाला बांधून ठेवतं. काकूंनी आठवड्याला एक चमचा दिलेल्या खताने लोहाची अडचण वाढवलीच होती. वरून दिलेल्या मॅग्नेशियमची या झाडाला कधी गरजच नव्हती.

कलमाच्या सांध्याखालून या काळात दोन पानसोट, म्हणजे जोमदार कोंब, फुटले, तीन-तीन पर्णिकांच्या पानांचे. ते खुंटाचे, म्हणजे ज्या झाडाच्या मुळांवर लिंबाचं कलम बांधलंय त्याचे. काकू हरखल्या होत्या, कारण झाडावरची सर्वांत हिरवीगार फूट तीच होती. बोटाने मोडून काढायला लावले. ते वाढू दिले असते तर लिंबू मागे पडून खुंटाचं झाड उभं राहिलं असतं.

शंभराव्या दिवशी दुसरी नवती आली. ही सुरुवातीपासून हिरवी. पान उघडताना पोपटी, आठवड्यात गडद, चकचकीत. निथळलेल्या पाण्याचा सामू ६.५, टीडीएस ६४०. कुंडी आता चार दिवसांत साडेनऊवर येते. काकू वजन स्वतः घेतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहितात, आणि एखाद्या दिवशी आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर मला हाक मारतात.

दीडशेव्या दिवसाची स्थिती लिहून ठेवते. डाव्या बाजूची एक जाड फांदी वाचली नाही, ती खोडापर्यंत वाळत आली आणि कापावी लागली, त्यामुळे झाड एका अंगाला झुकलेलं दिसतं. मूळकुजीत जी पानं करपली त्यांची टोकं तपकिरीच आहेत, ती कधी हिरवी होणार नाहीत. ती पानं काढलेली नाहीत, उरलेल्या हिरव्या भागावर ती अजून काम करतात. फुलांचा छोटा बहार आला, चौदा फळं धरली. अकरा काढून टाकली, तीन ठेवली आहेत. ईडीडीएचएची पुढची मात्रा दिलेली नाही. तिसरी नवती कोणत्या रंगाची उघडते ते बघून ठरवणार आहोत. काल संध्याकाळी तिचे डोळे फुगलेले दिसले.